मोजक्या पानातून क्लोरोप्लास्ट जीनोम: माझा अनुभव

संकटग्रस्त रोपावर काम करताना पहिली अडचण पानांची. क्लोरोप्लास्ट (हरितलवके) वेगळे काढायला ताजी पाने बरीच लागतात, म्हणून त्या भानगडीत मी पडत नाही. सगळाच डीएनए काढून सिक्वेन्स करतो, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा (बेसचा) क्रम वाचतो. पानाच्या पेशीत क्लोरोप्लास्ट जीनोमच्या (क्लोरोप्लास्टच्या स्वतःच्या डीएनएच्या) शेकडो प्रती असल्याने भागते. वाळलेले २० मिलिग्रॅम पान पुरते. परवानगी हातात आल्याशिवाय मात्र तेवढेही तोडायचे नाही.

सिलिका जेल पानाच्या वजनाच्या दहापट. पान दिवसभरात कडकडीत वाळायला हवे, रेंगाळले की डीएनएचे तुकडे पडतात. चिकट रसाच्या झाडांत सीटॅबने (पेशी फोडून डीएनए काढण्याचे द्रावण) काढलेला डीएनए जेलीसारखा होऊन पिपेटच्या टोकाला लोंबतो. ते पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या), लायब्ररी करताना, म्हणजे सिक्वेन्सिंगसाठी डीएनए तयार करताना, एन्झाइम अडवतात. पानाची भुकटी आधी सॉर्बिटॉल बफरने धुवायची, वरचे द्रावण पातळ दिसेपर्यंत, आणि सीटॅबमध्ये २ टक्के पीव्हीपी (फेनॉल धरून ठेवणारे पॉलिमर) घालायचे. डीएनएची मोजणी क्युबिट यंत्रावर, दुसरे यंत्र नॅनोड्रॉप आरएनएही धरतो आणि आकडा फुगतो.

१५० बेसच्या पेअर्ड-एंड रीड्स (डीएनएच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून वाचलेले भाग), एकूण ४ गिगाबेस, म्हणजे ४ अब्ज बेस. त्यातला ५ टक्के डेटा क्लोरोप्लास्टचा निघाला तरी दीड लाख बेसच्या जीनोमवर हजारपटीच्या वर कव्हरेज मिळते, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी तितक्यांदा वाचली जाते. रीड्स जोडून अख्खा जीनोम जुळवायला गेटऑर्गनेल हे सॉफ्टवेअर. ते बहुधा दोन वर्तुळे देते आणि नवखा माणूस इथे गोंधळतो. क्लोरोप्लास्टच्या जीनोमात एक मोठा आणि एक लहान एकल-प्रत भाग असतो, आणि त्यांच्यामध्ये इन्व्हर्टेड रिपीट, म्हणजे एकाच भागाच्या उलट दिशेच्या दोन प्रती. फरक असतो फक्त लहान एकल-प्रत भागाच्या दिशेचा. पेशीत दोन्ही रूपे नांदतात. जवळच्या प्रजातीशी जुळणारे घ्यावे. वर्तुळ मिटलेच नाही तर बँडेज या सॉफ्टवेअरमध्ये जुळणीचा ग्राफ उघडून कव्हरेज बघतो. बाकी सगळे हजाराच्या घरात आणि एक तुकडा चाळीसवर, तर तो बहुधा माइटोकॉन्ड्रियात शिरलेला क्लोरोप्लास्टचा अंश. इन्व्हर्टेड रिपीटचे चारही सांधे रीड्स परत मॅप करून तपासतो, शंका आली तर पीसीआर करून सँगर पद्धतीच्या सिक्वेन्सिंगने.

खरा वेळ जनुके नोंदवण्यात जातो. जीसेक हे सॉफ्टवेअर बरेच काम करते, पण पेटबी या जनुकाचा पहिला एक्सॉन (जनुकाचा प्रथिनात उतरणारा तुकडा) अवघा ६ बेसचा, पेटडीचा ८, आरपीएल१६ चा ९. हे हमखास निसटतात. आरपीएस१२ चा पहिला एक्सॉन त्याच्या बाकीच्या एक्सॉनपासून दूर, मोठ्या एकल-प्रत भागात असतो, तो हातानेच जोडावा लागतो. एनडीएचडी जनुकाची सुरुवात नेहमीच्या एटीजी या तीन अक्षरांऐवजी एसीजीने दिसली तर सिक्वेन्स चुकला असे समजू नये. आरएनए एडिटिंगमध्ये, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत बनल्यावर, तिथला सी बदलून सुरुवात नेहमीसारखी होते. जेनबँक या सार्वजनिक डेटाबेसला पाठवताना तशी टीप जोडली नाही तर फाइल परत येते.