दादाचा तक्ता आणि माझा नकाशा

मे महिन्याच्या उत्तरार्धात माझा थोरला भाऊ आणि वहिनी साताऱ्याहून आमच्याकडे लीड्सला येणार आहेत आणि त्यांच्यासोबत शनिवार ते शनिवार असा एक आठवडा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात थोडे गाडीने, थोडे पायी हिंडायचे, असे जानेवारीतच ठरले. ठरले म्हणजे फक्त तारखा ठरल्या. पुढच्याच रविवारी दादाने एक तक्ता करून पाठवला, त्यात एडिंबरा, लॉख नेस, जॉन ओ'ग्रोट्स, ऑर्कनी बेटे, ॲपलक्रॉस, स्काय बेट आणि बेन नेव्हिस अशी सगळी नावे होती आणि प्रत्येक रात्रीचा मुक्काम निराळ्या गावी होता. "एवढ्या लांब येतोच आहोत, तर एकदाच काय ते पाहून घेऊ," असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटले असते, म्हणून त्या तक्त्याला मी हसले नाही. मात्र तो तक्ता जसाच्या तसा पाळायचा, तर आठवडाभर खिडकीतूनच डोंगर पाहावे लागले असते.

अडचण अंतराची नव्हती, चालकाची होती. नवऱ्याचा इथला परवाना अजून शिकाऊ आहे. भारतातला परवाना पाहुण्यांना इथे बारा महिने चालतो, त्यामुळे दादा अर्धा वेळ गाडी चालवील असे आम्ही गृहीत धरले होते. पण आठ दिवसांसाठी परदेशी परवान्याच्या माणसाचे नाव विम्यात घालायला आमच्या विमा कंपनीने नकार दिला. वाई ते पाचगणी पसरणी घाट तीस वर्षे चढून उतरलेल्या माणसाला हे सांगणे जिवावर आले. उरले मी एकटी. म्हणून पहिला नियम असा केला की जाण्या-येण्याचे दिवस सोडले तर दिवसाला तीन तासांहून अधिक गाडी चालवायची नाही, आणि दुसरा नियम असा की आधी चालण्याच्या वाटा निवडायच्या व मुक्काम त्यांच्या पायथ्याशी घ्यायचा. या दोन नियमांनी तक्त्यातली निम्मी नावे आपोआप गळून पडली.

तीन तास म्हणजे किती मैल, याचा अंदाज मला अनुभवाने आला आहे. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघे एडिंबराहून एका दिवसात स्कायवर पोर्ट्रीला गेलो होतो. नकाशावरच्या हिशेबाने संध्याकाळी सहाला पोचायला हवे होते, पोचलो पावणेनऊला, आणि तोवर खाणावळीचे स्वयंपाकघर बंद झाले होते. खोलीत बसून चहाबरोबर चिवडा खाल्ला. या भागात आठ-साडेआठनंतर गरम जेवण मिळेलच अशी खात्री धरू नये, हे त्या रात्रीपासून माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेले आहे.

वेळ लागतो तो मुख्यतः एकपदरी रस्त्यांवर. तिथे दोन्ही दिशांची वाहतूक एकाच पट्ट्यावरून चालते आणि ठरावीक अंतरावर रस्त्याला थोडे पोट काढून एक गाडी थांबेल एवढी जागा केलेली असते, शेजारी पांढरी पाटी असते. समोरून गाडी येताना दिसली आणि ती जागा आपल्या डाव्या हाताला असली तर आपण तीत शिरायचे. ती उजव्या हाताला असली तर मात्र रस्ता ओलांडून तिकडे जायचे नाही, तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबायचे आणि समोरच्याला तीत वळू द्यायचे. मागून कोणी घाईत येत असेल तर त्यालाही याच जागेवर पुढे जाऊ द्यावे लागते, आणि फोटोसाठी तिथे गाडी उभी करून ठेवणे हा तर गावकऱ्यांच्या शिव्या खाण्याचा हमखास मार्ग. चढावर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम दादाला ठाऊकच होता. "म्हणजे आपला घाटच की," तो म्हणाला. घाटच, फक्त हॉर्नशिवाय; इथे हॉर्नऐवजी स्टीअरिंगवरून चार बोटे उचलून आभार मानतात, आणि बराच वेळ अशी बोटे उचलली की आपण कोणी प्रतिष्ठित माणूस असल्यासारखे वाटू लागते.

ॲपलक्रॉसचा त्याने सर्वांत जास्त हट्ट धरला होता, कारण तिथे जाणारा बॅलख ना बा हा रस्ता ६२६ मीटर उंचीवर चढतो आणि ब्रिटनमधल्या सर्वांत अवघड घाटांत त्याची गणना होते. गेलिक भाषेत 'बॅलख' म्हणजे खिंड. पूर्ण नावाचा अर्थ गुरांची खिंड. पण आमच्या मुक्कामापासून तिथे जाऊन परत यायला अख्खा दिवस गेला असता आणि त्या दिवशी चालणे शून्य झाले असते. शिवाय घाट चालवायला स्वतःला मिळणार नाही म्हटल्यावर दादाचाही उत्साह मावळला. बेन नेव्हिस हे ब्रिटनमधले सर्वांत उंच शिखर मात्र तो सहजासहजी सोडत नव्हता. "१३४५ मीटर? अगं, कळसूबाई त्याच्याहून तीनशे मीटरने उंच आहे!" हे खरे आहे. परंतु कळसूबाईची वाट बारी गावातून, म्हणजे आधीच बऱ्याच उंचीवरून सुरू होते. बेन नेव्हिसची वाट जवळजवळ समुद्रसपाटीपासून निघते, म्हणून सगळेच्या सगळे तेराशे मीटर पायांनी मोजावे लागतात, आणि मे महिन्यातही माथ्यावर बर्फ असू शकतो. सात ते नऊ तासांची ही चाल. दादाच्या उजव्या गुडघ्याचे मत विचारल्यावर तो मुद्दा निकालात निघाला.

शेवटी जे राहिले ते असे. शनिवारी लीड्सहून साधारण अडीचशे मैल जाऊन कॅलंडरला पहिला मुक्काम. (गावाच्या नावावरून होणारे विनोद दादा आधीच करून चुकला आहे.) रविवारी क्रियनलारिख, टिंड्रम करत रॅनॉख मूरच्या दलदली माळावरून ग्लेनकोला, तिथे दोन रात्री. मंगळवारी फोर्ट विल्यम आणि ग्लेनफिनन, जिथे १९०१ साली सुरू झालेल्या रेल्वेचा एकवीस कमानींचा काँक्रीटचा पूल आहे, तिथून मॅलेग आणि बोटीने गाडीसकट स्कायवर आर्माडेलला. ब्रॉडफर्डला तीन रात्री. शुक्रवारी पुलावरून परत मुख्य भूमीवर येऊन पिटलॉख्रीला शेवटची रात्र, शनिवारी घर. यात बोट हा एकच नाजूक दुवा आहे, कारण वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात. पण १९९५ पासून स्कायला पूल आहे आणि आता त्यावर टोलही नाही, त्यामुळे फार तर लांबून वळसा पडेल, मुक्काम चुकणार नाही.

ग्लेनकोचा सोमवार ठरवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. मला स्वतःला कोरी गाव्हालला, म्हणजे जिला लोक 'हरवलेली दरी' म्हणतात तिथे जायचे आहे. दोन डोंगरांमधल्या अरुंद घळीतून, ओढ्यावरचा पूल ओलांडून, मोठमोठ्या शिळांवर हात टेकत चढले की दरड कोसळून तयार झालेल्या बांधापलीकडे अचानक एक सपाट कुरण उघडते. खालच्या रस्त्यावरून त्याचा मागमूस लागत नाही. इथले मॅकडोनाल्ड कुळातले लोक पळवून आणलेली गुरे इथे दडवीत असत असे सांगतात. १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे, बारा दिवस त्यांच्याच घरी पाहुणचार घेतलेल्या सरकारी सैनिकांनी त्यांच्यापैकी अडतीस जणांना मारले आणि कित्येक जण डोंगरात पळताना बर्फात गारठून मेले. अफझलखानाच्या भेटीच्या गोष्टींवर वाढलेल्या दादाने फोनवर ही हकीकत ऐकून विचारले, "आणि यांनी जेवूखाऊ घातलेले होते?" त्यानंतर तो बराच वेळ गप्प होता.

जाऊन-येऊन चार किलोमीटर, पण तीन तास धरायचे. गुडघा साथ देत नसेल तर वहिनी आणि दादा ग्लेनको गावाजवळच्या छोट्या तळ्याभोवती फिरतील. हा पर्याय मी आधी केवळ सोयीचा म्हणून लिहिला होता, नंतर त्याची गोष्ट कळली. लॉर्ड स्ट्रॅथकोना हा स्कॉटलंडमधून कॅनडात जाऊन गबर झालेला माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने इथे घर बांधले आणि कॅनडाच्या आठवणीने झुरणाऱ्या आपल्या बायकोसाठी हे तळे करवून काठावर उत्तर अमेरिकेतली झाडे लावली. बाईंचे मन काही रमले नाही. झाडे मात्र रुजली आणि आज उंचच उंच झाली आहेत. लीड्सच्या गॅलरीत कढीपत्त्याची तीन रोपे मारून बसलेल्या मला त्या लॉर्डविषयी उगाच आपुलकी वाटते.

स्कायवरचा बुधवार वहिनींनी ठरवला. मी त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या: एक ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, जिथला सुळका सगळ्या फोटोंत असतो, दुसरी किलक्रिस्टच्या पडक्या चर्चजवळून बोरेरेगला जाणारी. बोरेरेग हे समुद्रकाठचे गाव १८५३ साली जमीनदाराने मेंढ्यांना कुरण हवे म्हणून रिकामे करवले. छपरे गेली, भिंती उरल्या, आणि सभोवार तपकिरी माळ असला तरी जिथे शेते होती तिथले गवत अजूनही वेगळे हिरवे दिसते. वहिनींच्या माहेरचे मूळ गाव कोयनेच्या शिवसागरात गेले. त्यांचा जन्म पुनर्वसनाच्या वस्तीतला. "सुळका राहू दे," त्या म्हणाल्या, "हे बघू. आमचं तर पाण्याखाली आहे." जाऊन-येऊन चार तास लागतील, चढ फारसा नाही. गुरुवारी सकाळी क्विरांगच्या कड्याखालची वाट जमेल तेवढी, आणि दुपारी दादासाठी टॅलिस्करची मद्यभट्टी. तिथे मी फक्त वास घेणार, कारण गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातील मद्याची मर्यादा स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून इंग्लंडहून कडक आहे.

एका गोष्टीचे दादाला अजून नवल वाटते: कोणाच्याही माळावरून, डोंगरावरून चालता येते आणि कोणी हटकत नाही. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने हा हक्क मान्य केला आहे, आणि त्याबरोबर शहाणपणाने वागण्याची जबाबदारीही. पिकातून जायचे नाही, कोणाच्या अंगणात शिरायचे नाही, फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवायचे. मेमध्ये कोकरे लहान असतात, तेव्हा कळपाला लांबून वळसा घालायचा.

सामानाची यादी वहिनींकडे आहे. बुटांना घोट्यापर्यंत आधार हवा, अंगात पाऊस न शिरणारे जाकीट आणि विजार दोन्ही हवीत, छत्री नको, कारण तिथला वारा पहिल्या पाच मिनिटांत तिचा सांगाडा करतो. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी मी इथे घेतली आहे; मिज नावाची चिलटे मेच्या अखेरीस सुरू होतात आणि वारा पडला की संध्याकाळी ढगासारखी अंगावर येतात. गवतातून चालताना विजार मोज्यांत खोचायची, रात्री गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड चिकटलेली नाही ना हे पाहायचे, कारण त्यातून लाइम रोग होऊ शकतो. थालीपिठाची भाजणी आणायला हरकत नाही. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला मात्र बंदी आहे, म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे बाद. हे कळल्यावर वहिनींनी फोन ठेवण्यापूर्वी तीनदा विचारले, की अगदी पाव किलोसुद्धा नाही का.

काल बोटीचे आरक्षण करायला बसले तर पहिलाच प्रश्न होता, गाडीची लांबी किती? कागदपत्रे शोधण्यापेक्षा मोजणे सोपे म्हणून शिवणाच्या डब्यातली दीड मीटरची टेप घेऊन आम्ही दोघे पावसात खाली गेलो. नवरा बंपरपाशी टेपचे टोक धरून बसला, मी दारावर खडूने खुणा करत मागे सरकत गेले. शेजारच्या आजोबांनी खिडकीतून विचारले की गाडी विकायची आहे का. चार मीटर अकरा सेंटिमीटर भरली. मंगळवारी दुपारच्या फेरीत जागा मिळाली.