बिल कमी करण्याआधी बिल दिसायला हवं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमची छोटी सॉफ्टवेअर टीम आहे. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. त्यांचं एडब्ल्यूएसचं, म्हणजे अमेझॉनकडून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं, बिल दर महिन्याला चढत होतं, ते उतरवायचं काम आमच्याकडे आलं. उतरवणं सोपं गेलं. बिल बघायला मिळेना, याचाच राग अजून जात नाही.

आमच्याकडे अ‍ॅडमिनचे अधिकार होते. अख्खा सर्व्हर डिलीट करता येईल, पण बिलाच्या पानावर 'परवानगी नाही'. अ‍ॅडमिनलाही बिल आपोआप दिसत नाही. रूट, म्हणजे खात्याच्या मूळ मालकाच्या, लॉगिनमधून ती मुभा एकदा चालू करून द्यावी लागते. आणि रूटचा ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा, लॉगिनचा कोड येणार त्याच्याच मोबाईलवरच्या अ‍ॅपवर! अकाउंट्सवाले म्हणायचे आयटीला विचारा, आयटीवाले म्हणायचे साहेबांची सही आणा, आणि गेलं की, "साहेब शॉपवर गेल्यात, उद्या या की." इकडे कार्डावरून पैसे कापले जातच होते. शेवटी साहेबांनाच गाठलं, बंद केलेला मेलबॉक्स पुन्हा सुरू करून घेतला आणि पासवर्ड बदलला. मोबाईलवरचा कोड हाती नव्हताच, पण खात्यावर फोन नंबर ऑफिसच्या लँडलाइनचा होता म्हणून वाचलो. रिसेप्शनवर कॉल घेतला, स्क्रीनवरचे सहा आकडे फोनवर दाबले आणि आत गेलो. तेव्हा जे हायसं वाटलं!

पुढचं भराभर झालं. कोणत्याच सर्व्हरला न जोडलेल्या डिस्क पडून होत्या, त्यांचंही भाडं चालू असतं. स्नॅपशॉट, म्हणजे त्यांची प्रत, घेऊन काढून टाकल्या. टेस्ट सर्व्हर आठवड्याचे १६८ तास चालू. आम्ही वापरतो जेमतेम ६०. रात्री आणि सुट्टीला आपोआप बंद होतील असं लावलं. आरडीएस हा एडब्ल्यूएसनेच सांभाळलेला डेटाबेस मात्र बंद केला तरी ७ दिवसांनी स्वतःहून चालू होतो, तिथे लक्ष ठेवा. जुन्या प्रकारच्या जीपी२ डिस्क नव्या जीपी३ प्रकारच्या केल्या की जीबीमागे साधारण २० टक्के वाचतात, सर्व्हर थांबवावा लागत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) तासाला ०.००५ डॉलर लागतात, वापरात असला तरी. नको असलेले सोडून द्या.

रूटचा ईमेल कुणा एकाचा ठेवू नका, कंपनीचा सामायिक ठेवा. हे काम सगळ्यात आधी करा. लॉगची, म्हणजे सर्व्हर लिहून ठेवतो त्या नोंदींची, मुदतही ठरवा, नाहीतर ते कायमचे साठत राहतात. आणि हो, कॉस्ट एक्सप्लोरर, म्हणजे खर्च कुठे होतो ते दाखवणारं एडब्ल्यूएसचं पान, पहिल्यांदा चालू केल्यावर आकडे दिसायला साधारण २४ तास लागतात; क्लायंटकडे मीटिंग असेल तर आदल्या दिवशीच चालू करून ठेवा.