तेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यावं लागू नये म्हणून

चॅटचं नवं साधन आलं, विकी (कंपनीतल्या सगळ्यांना वाचता आणि लिहिता येणारी पानं) सुरू झाला, सगळ्यांना लॉगिन मिळालं. तीन महिन्यांनी बघावं तर प्रश्न अजून त्याच एका अनुभवी माणसाकडे जातायत, तेही खासगी मेसेजमध्ये. साधन बदललं, प्रश्न विचारायची जागा तीच राहिली. माझ्या मते बहुतेक कंपन्यांचं घोडं इथेच अडतं. प्रश्न चारचौघांत विचारला जातो का, आणि त्याचं उत्तर पुढच्या माणसाला सापडेल अशा जागी पोहोचतं का, एवढं आधी तपासावं. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ही चर्चा नंतरची.

मेलमध्ये एखादा तासभर खपून उत्तम उत्तर लिहितो, पण ते वाचतात फक्त 'टू' आणि 'सीसी'मधले. सहा महिन्यांनी रुजू झालेल्याला ते शोधूनही सापडत नाही, कारण ते त्याच्या मेलबॉक्सात कधी आलेलंच नसतं. व्यवस्थापनाचे अभ्यासक अँड्र्यू मॅकॅफी यांनी 2006 मध्ये 'एंटरप्राइज 2.0' ही कल्पना मांडली, तेव्हा बोट याच फरकावर ठेवलं होतं: मेल आणि मेसेंजरवरचं बोलणं त्या दोघा-चौघांपुरतं राहतं, विकी, ब्लॉग आणि टॅग (मजकुराला लावलेले विषयाचे शब्द) यांवरचं काम सगळ्यांना दिसतं आणि टिकतं. विकी तर त्याच्याही आधीचा. प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी 1995 मध्ये सुरू केला. वाचणाऱ्यालाच पानातली चूक तिथल्या तिथे सुधारता यावी, ही त्यातली मूळ गोष्ट, आणि कंपनीच्या कामात आजही तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

या विषयातलं मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते झेरॉक्सच्या दुरुस्ती तंत्रज्ञांचं उदाहरण. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी या तंत्रज्ञांसोबत फिरून त्यांचं काम पाहिलं. अवघड बिघाड ते छापील पुस्तिकेवरून कमी आणि एकमेकांशी बोलून जास्त सोडवत होते. पुढे 1990 च्या दशकात कंपनीने 'युरेका' नावाची यंत्रणा उभारली. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, दुसऱ्या तंत्रज्ञांनी ती तपासायची, मग ती लिहिणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना उपलब्ध व्हायची. युक्तीमागे पैसे देण्याचा विचार पुढे आला, तेव्हा तो तंत्रज्ञांनीच नाकारला, कारण मग लोक दर्जा सोडून संख्येमागे लागले असते. आजही विकीवर 'महिन्याला पाच पानं लिहा' असं लक्ष्य दिलं, की पाच भरताड पानं येतात. नाव दिसणं आणि आपल्याच कामातल्या जाणकाराने तपासणं, या दोन गोष्टी मात्र कुठल्याही साधनात फुकट करता येतात.

सुरुवात एकाच टीमपासून करा, आठ ते पंधरा माणसांच्या. ज्याच्याकडे सगळे धावतात त्याचे गेल्या महिन्याचे पाठवलेले मेल आणि मेसेज त्याच्यासोबत बसून चाळा. एकच उत्तर दोनदा गेलेले प्रश्न वेगळे काढा. असे पंधरा-वीस प्रश्न सहज निघतात आणि तीच विकीची पहिली पानं. रिकामा विकी उघडून 'आता लिहा' असं सांगितलं तर कुणी लिहीत नाही. पहिल्याच दिवशी वीस उत्तरं सापडली तर लोक दुसऱ्या दिवशी परत येतात.

मग चॅटमध्ये त्या टीमच्या प्रश्नांसाठी एकच उघडं चॅनल (सगळ्यांना दिसणारी बोलण्याची जागा) ठेवा. कुठलं चॅनल कशासाठी हे कळावं म्हणून चॅनलच्या नावांची सुरुवात ठरवून घ्या: 'प्रश्न-', 'काम-', 'सूचना-'. खासगीत प्रश्न आला तर अनुभवी माणसाने उत्तर न देता 'हे प्रश्न-बिलिंगमध्ये टाक, तिथे सांगतो' एवढं लिहायचं आणि तिथे लगेच उत्तर द्यायचं. 'लगेच' महत्त्वाचं. उघड्यावरचा प्रश्न दोन दिवस तसाच पडून राहिला, तर विचारणारा पुन्हा खासगीत जातो आणि मग त्याला परत आणणं कठीण. नव्या माणसाला चारचौघांत विचारायला संकोच वाटतो, म्हणून पहिले काही प्रश्न टीमप्रमुखाने स्वतः विचारावेत, आणि ते खरोखर त्याला माहीत नसलेले असावेत. खोटा प्रश्न लोक लगेच ओळखतात.

समजा चॅनलमध्ये प्रश्न आला: 'बिल रद्द केलं, पण स्टॉक परत वाढला नाही. काय करू?' कुणीतरी उत्तर दिलं: 'माल गेल्याची नोंद आधीच झाली असेल तर नुसतं बिल रद्द करून भागत नाही. आधी माल परत आल्याची नोंद कर, मग बिल रद्द कर.' थ्रेड (त्या प्रश्नाखालची उत्तरांची साखळी) संपला, सगळे खूश. पण हे उत्तर चॅटमध्येच राहिलं तर आठवड्याभरात वर सरकून गेलं. स्लॅक या चॅट साधनाच्या मोफत योजनेत तर 90 दिवसांपूर्वीचे मेसेज दिसतच नाहीत. म्हणून आठवड्याची पाळी लावा. ज्याची पाळी त्याने शुक्रवारी अर्धा तास काढून, सुटलेल्या थ्रेडपैकी पुन्हा लागतील अशी उत्तरं विकीत हलवायची आणि थ्रेडमध्ये पानाची लिंक टाकायची. ही पाळी कामाच्या वेळेत धरली नाही तर दुसऱ्या महिन्यात बंद पडते. मी तरी ती 'ज्याला वेळ असेल त्याने' या तत्त्वावर टिकताना पाहिलेली नाही.

पानाचं शीर्षक विचारणाऱ्याच्या शब्दांत हवं: 'बिल रद्द केल्यावर स्टॉक परत येत नाही'. 'साठा समायोजन कार्यपद्धती' असं नाव दिलंत तर अडलेल्या माणसाला ते सर्चमध्ये कधीच मिळणार नाही. शीर्षकाखाली पहिल्या दोन ओळींत उपाय, मग पायऱ्या, मग हा उपाय कधी लागू होत नाही ते. शेवटी पान सांभाळणाऱ्याचं नाव आणि पुन्हा तपासायची तारीख. तारीख साधारण सहा महिन्यांची. दर, कर किंवा सॉफ्टवेअरच्या स्क्रीनबद्दलचं पान असेल तर तीन. स्क्रीनशॉट कमीत कमी टाका. बटणाची जागा बदलली की ते आधी खोटे पडतात, आणि चित्रातला मजकूर बऱ्याच साधनांच्या सर्चला दिसत नाही.

टॅगची यादी छोटी ठेवा, वीसच्या आत. 'बिल', 'बिलिंग', 'बिल्स' असे तिन्ही टॅग तयार झाले की टॅगचा उपयोग संपला. विकीत सर्चचा अहवाल मिळत असेल तर त्यातली 'काहीच सापडलं नाही' ही यादी दर महिन्याला बघा. लोक कुठले शब्द वापरतात आणि कुठली पानं अजून लिहायची आहेत, दोन्ही तिथे कळतं. पानांची किंवा मेसेजची एकूण संख्या मोजण्यापेक्षा ही यादी आणि चॅनलमध्ये परत आलेले जुने प्रश्न मोजणं कितीतरी उपयोगाचं.

परवानग्यांबाबत लोक उलटं करतात: आधी सगळं बंद, मग मागेल तसं उघडं. टीमच्या टीमला कुलूप लागलं की सर्च अर्धवट होतं आणि अर्धवट सर्चवरचा विश्वास उडायला दोन-तीन अपयशं पुरतात. पगार, माणसांची वैयक्तिक माहिती, ग्राहकांचा गोपनीय डेटा, चालू वाटाघाटी आणि कायदेशीर बाबी बंद ठेवा, बाकी कंपनीत सगळ्यांना वाचता येऊ द्या. पासवर्ड मात्र विकीत किंवा चॅटमध्ये कधीही नकोत, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर वापरा.

सतत येणाऱ्या नोटिफिकेशनचा त्रास हे लोक साधन सोडून देण्याचं मोठं कारण. सगळ्यांना एकदम मेन्शन करण्याचा, म्हणजे प्रत्येकाला नोटिफिकेशन जाईल असा मेसेज टाकण्याचा अधिकार मोजक्यांकडे ठेवा, थ्रेडमध्येच उत्तर द्यायचा नियम पाळा, आणि ज्याचं काम तातडीचं नाही त्याने दिवसातून दोन-तीनदाच चॅनल बघितलं तरी चालतं हे टीमप्रमुखाने स्पष्ट शब्दांत सांगावं. खरंच आग लागली असेल तर फोन आहे.

लिहिणारे थोडेच असतील. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी 2006 मध्ये इंटरनेटवरच्या मोठ्या समूहांसाठी 90-9-1 असा ठोकताळा मांडला होता: 90 टक्के फक्त वाचतात, 9 टक्के अधूनमधून लिहितात, 1 टक्का सतत लिहितो. कंपनीत एकमेकांना ओळखणारी माणसं असल्याने प्रमाण बरं राहू शकतं, पण कल तोच. तेव्हा वाचणाऱ्यांवर चिडू नका. त्यांच्याकडून एवढंच मागा, की पानात चूक दिसली तर सुधारा किंवा खाली एक ओळ लिहा.

आता याच पानांवर चॅटबॉट बसवायची घाई सुरू झाली आहे. बॉट जुन्या पानावरचं चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो, आणि वाचणाऱ्याला पानावरची तारीख दिसत नाही. म्हणून बॉट जोडण्याआधी एका विषयाची दोन पानं असतील तर एक करा, मुदत उलटलेली पानं बॉटच्या आवाक्यातून काढा, आणि प्रत्येक उत्तराखाली मूळ पानाची लिंक येईल अशी सोय करा. जुनं पान सरळ पुसून टाकू नका, चॅटमधल्या सगळ्या लिंक तुटतात. त्याच्या शीर्षकात 'कालबाह्य' लिहा, आतला मजकूर काढा आणि नव्या पानाची लिंक ठेवा.