गाडी बदलायला बारा मिनिटं

जेवणानंतरच्या सुस्तीत फोनवर ब्रिटनच्या गाड्या शोधत लोळावं, यासारखी बिनखर्चाची करमणूक नाही. लीड्सहून कार्डिफला जायचंय असं घालावं. फोन म्हणतो, बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला गाडी बदला, हाताशी बारा मिनिटं. आता दहा का नाहीत आणि पंधरा का नाहीत? झोप तिथेच उडते.

तर गाडी बदलायला कमीत कमी किती मिनिटं हवीत, असा एक आकडा तिथल्या प्रत्येक स्टेशनाला ठरवून दिलेला आहे. वेगळं काही नमूद नसेल तर ५ मिनिटं, लंडनच्या किंग्ज क्रॉस किंवा युस्टनला १५, न्यू स्ट्रीटला १२. पुढची गाडी अकरा मिनिटांनी असेल, तर तुम्ही ती पळत गाठाल हे त्या यंत्रणेला मान्यच नाही. ती गाडी दाखवलीच जात नाही. मात्र आकडा पाळून तिकीट काढलं आणि पहिल्या गाडीला उशीर झाल्यामुळे दुसरी चुकली, तर पुढच्या गाडीने तुम्हाला नेणं रेल्वेवर बंधनकारक आहे. तिकीट ॲडव्हान्सचं, म्हणजे ठरावीक गाडीपुरतंच असलं तरी. बारा मिनिटांत खरी सोय आहे ती ही.

सोय आहे म्हणून तिच्या भरवशावर राहावं असं मात्र नाही. न्यू स्ट्रीटचे बारा फलाट जमिनीखाली आहेत, अंधारे आणि लांबलचक. प्रत्येक फलाटाला ए आणि बी अशी टोकं. पाटीवर ११ए लिहिलेलं असताना बीच्या टोकाला बॅगा घेऊन उभं राहिलं, की गाडी दिसते पण मिळत नाही. सरकत्या जिन्याने वर यायचं, पाटी बघायची, पुन्हा खाली उतरायचं. शिवाय गाडीचे दरवाजे सुटायच्या वेळेला बंद होत नाहीत, त्याआधीच होतात. काही ठिकाणी चक्क दोन मिनिटं आधी. दरवाजाला हात घालून धावत्या गाडीत शिरण्याचं आपलं कौशल्य तिथे फुकट. म्हणून जाणती मंडळी लीड्स ते कार्डिफला न्यू स्ट्रीट टाळतात. लीड्सहून आलेली तीच प्लिमथकडे जाणारी गाडी पुढे ब्रिस्टल पार्कवेला थांबते. तिथे चारच फलाट, लिफ्ट हाताशी, आणि लंडनहून कार्डिफला जाणारी गाडी तिथेच येते. थोडा वेळ जास्त लागला तर लागू दे.

खरी पंचाईत होते ती विमानातून उतरून गाडी पकडताना. विमानाला उशीर झाला म्हणून चुकलेल्या गाडीची जबाबदारी रेल्वे घेत नाही, आणि विमान कंपनीला तुमच्या रेल्वे तिकिटाशी कर्तव्य नाही. मधला वेळ कोणाचाच नसतो. तो आपणच मोजायचा.

मुंबईचं विमान हीथ्रोला टेकलं असं धरू. दार उघडून लांबचे बोगदे तुडवेपर्यंत २० मिनिटं. भारतीय पासपोर्टला तिथली स्वयंचलित फाटकं उघडत नाहीत, त्यामुळे माणसांची रांग, तिचा तास धरावा. बॅगांना २० मिनिटं. पिकॅडिली लाइन या भुयारी रेल्वेने किंग्ज क्रॉसला तासभर. स्टेशनात पाटी शोधणं, पाणी घेणं, धापा टाकणं, २० मिनिटं. झाले तीन तास. लीड्सची ॲडव्हान्स त्यापुढची घ्यावी. विमान बेभरवशाचं असेल तर सरळ ऑफ-पीक तिकीट घ्यावं. महाग पडतं, पण गर्दीच्या वेळा सोडून त्या दिवशीची पुढची कुठलीही गाडी चालते. जाता जाता, तूप आणि पेढे बॅगेत नकोत. भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे मनाई आहे आणि कस्टम्सच्या टेबलावर गेलेला वेळ वरच्या हिशेबात धरलेला नाही.

लंडनला गाडी बदलायची म्हणजे स्टेशनही बदलायचं, हे आपल्याला नव्याने सांगावं लागत नाही; पुण्याहून येऊन बांद्रा टर्मिनसची गाडी पकडणाऱ्याला दादरचा पूल ठाऊक असतो. लीड्स, यॉर्क, न्यूकॅसल, एडिनबरा किंग्ज क्रॉसवरून. लेस्टर आणि शेफील्ड शेजारच्या सेंट पॅन्क्रासवरून. मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगो युस्टनवरून. ब्रिस्टल, कार्डिफ पॅडिंग्टनवरून. सगळी शहराच्या कडेकडेने, मधोमध एकही नाही. याला कारण १८४६चा शाही आयोग. गाड्या मध्य लंडनात आणू नयेत असं त्याने सुचवलं, आणि कंपन्यांनी वेशीवरच आपापली टर्मिनस बांधली. मग १८६३मध्ये पॅडिंग्टन, युस्टन आणि किंग्ज क्रॉसकडून फॅरिंग्डनला जाणारी भुयारी रेल्वे सुरू झाली, जगातली पहिली. आयोगाने ती सूचना केली नसती तर आज आपल्या बॅगांची चाकं वाचली असती.

युस्टनला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथल्या भुयारी स्टेशनात फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट नाही. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा असतील तर पिकॅडिलीने किंग्ज क्रॉसला यावं, तिथे लिफ्ट आहे, आणि युस्टन रोडवरून पंधरा मिनिटं सपाट चालावं. लेस्टरवाल्यांना एलिझाबेथ लाइन बरी: हीथ्रोहून थेट फॅरिंग्डन, तिथून थेम्सलिंकच्या गाडीने एकच स्टेशन पुढे सेंट पॅन्क्रास, आणि सगळीकडे लिफ्ट. कार्डिफ-ब्रिस्टलवाल्यांनी तर लंडनात शिरूच नये. पॅडिंग्टनला जायचं आणि त्याच रुळांवरून उलटं पश्चिमेला यायचं, कशाला? त्या गाड्या वाटेत रीडिंगला मिळतात, आणि हीथ्रोहून रीडिंगला थेट बस आहे. नाहीतर एलिझाबेथ लाइनने हेज अँड हार्लिंग्टनला उतरून रीडिंगची गाडी पकडावी. फोन पॅडिंग्टन सुचवत राहतो, सुचवू द्यावं.

त्यापेक्षा विमानतळच नीट निवडावा. मँचेस्टर विमानतळाच्या पोटातच स्टेशन आहे, आणि तिथून लीड्स-यॉर्कच्या थेट गाड्या सुटतात. बर्मिंगहॅमलाही तसंच; विमानतळावरून फुकटची छोटी गाडी दोन मिनिटांत बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशनात सोडते. एडिनबराला ट्राम आहे, पण ग्लासगोला जायचं तर हेमार्केटला उतरून गाडी बदलावी, वेव्हर्ली या मुख्य स्टेशनापर्यंत जाण्याचं कारण नाही. लीड्स ब्रॅडफर्ड, ग्लासगो आणि ब्रिस्टल विमानतळांना मात्र स्टेशनच नाही. बस. नकाशात रूळ जवळ दिसतात म्हणून फसू नये.

ब्रिस्टलच्या कॉर्न एक्सचेंजवर, म्हणजे जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीवर, एक घड्याळ आहे, त्याला दोन मिनिटकाटे. एक लंडनच्या वेळेचा, दुसरा ब्रिस्टलच्या. दोघांत सुमारे दहा मिनिटांचं अंतर. रेल्वे आली तेव्हा गावाची वेळ आणि गाडीची वेळ वेगळी होती, आणि लोकांनी दोन्ही सांभाळल्या. मुंबईनेही आपली वेळ बरीच वर्षं सोडली नव्हती. आता सगळीकडे एकच वेळ आहे आणि तरी गाड्या चुकतात, ते सोडा.

रविवारी सकाळी कधी प्रवास ठेवू नये. रुळांची कामं तेव्हाच निघतात आणि गाडीच्या जागी बस येते. ॲडव्हान्स तिकिटं साधारण बारा आठवडे आधी निघतात, पण शनिवार-रविवारची पुष्कळदा उशिरा, त्याचं कारण हेच. २५ डिसेंबरला तर गाड्याच नसतात, २६ला जवळपास नसतात. त्या दिवसांत ज्याच्या घरी असाल त्याच्याच घरी राहावं.

परतीचा हिशेब उलटा मांडायचा. बॅगा घेणारी खिडकी विमानाच्या साधारण तासभर आधी बंद होते, तिथून मागे येत जावं, आणि हिशेबात जी गाडी येईल तिच्या आधीची घ्यावी. मग विमानतळावर तीन तास रिकामे बसावं लागतं. लागतं तर लागतं. चहा महाग मिळतो, पण खुर्ची फुकट आहे.