शेवटच्या रेडिएशननंतर

स्तनाच्या कॅन्सरचं शेवटचं रेडिएशन झालं त्या दिवशी घरी पेढे आले. सासूबाईंनी देवापुढे ठेवले, ह्यांनी ऑफिसात वाटले, फॅमिली ग्रुपवर "जिंकलीस गं" चे मेसेज, आणि मी बाथरूमचा नळ सोडून रडत होते.

आठ महिने मी रडलेच नव्हते. केमोचं ते लाल औषध, नंतर लघवीही लालसर व्हायची, उशीवर केसांचे पुंजके, ऑपरेशन, जखमेतलं पाणी जमा होणारी ड्रेनची पिशवी खांद्याला अडकवून घरभर फिरणं, सगळं केलं, कारण तेव्हा रोज काहीतरी करायचं असायचं, उद्या सीबीसीची रक्ततपासणी, परवा इंजेक्शन. आता म्हणे तीन महिन्यांनी या आणि कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी घ्या, पाच वर्षं. बस्स. आणि मग रात्री पाठ जरा दुखली की हाडात गेलं का, खोकला आला की फुप्फुसात का, हेच डोक्यात.

"पॉझिटिव्ह राहा" हे मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की छातीत धस्स व्हायचं, म्हणजे माझ्या रडण्यानेच परत येणार की काय! खरं सांगते, रडल्याने कॅन्सर परत येत नाही. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

सांगितलं ते काउन्सेलरने. तिच्याकडे जायलाही मी तयार नव्हते, वेडी झालेय का मी असं वाटायचं. तिने थर्मामीटरचं चित्र असलेला एक कागद पुढे केला, शून्य ते दहा, गेल्या आठवड्यात किती त्रास झाला तिथे खूण करा. चार किंवा वर असेल तर नीट बोलायला हवं म्हणाली. मी आठवर केली. इतके महिने बीपी, वजन, हिमोग्लोबिन सगळ्यांनी मोजलं, हे पहिल्यांदाच कोणीतरी मोजत होतं. मी तिथेच बोलायला लागले, आरशात बघत नाही, ह्यांच्यासमोर कपडे बदलत नाही, ब्राच्या एका बाजूला रुमाल कोंबते आणि पदर कायम त्याच बाजूला ओढते, सगळं. तिने घाई केली नाही. पुढच्या वेळी ह्यांनाही बोलावलं. तेव्हा कळलं की हात लावला तर मला दुखेल म्हणून हे लांब झोपत होते आणि मी समजत होते की ह्यांना किळस येते.

रुमालाचं उत्तर दुसऱ्या एका ताईने दिलं, तिचं स्वतःचं ऑपरेशन होऊन अकरा वर्षं झालीत. निटेड नॉकर्स इंडिया या संस्थेच्या बायका ब्रात घालायचा स्तन सुती दोऱ्याने विणून देतात, हलका, मऊ, आणि फुकट! मी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा कितीतरी वेळ नुसती बोटांनी दाबत बसले होते.

तुमच्या गावात काउन्सेलर नसेल तर टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरांना स्वतःहून विचारा गं, ते गाठीचं बघतात, मनाचा विषय आपणच काढावा लागतो.

परवा फॉलोअप होता. आदल्या रात्री डोळ्याला डोळा नाही. तोच कागद परत आला, मी पाचवर खूण केली आणि खुर्ची जरा पुढे ओढली.