किती घ्यायचं ते घरात ठरतं, काऊंटरवर नाही

"तीन घ्या, एक फ्री" असं कुठं दिसलं की मी आधी एकच बघते, आपल्याला चार लागतात का? लागत नसतील तर ती ऑफर आपल्यासाठी नाहीच, मग कितीही स्वस्त असू दे. तीनवर एक फ्री म्हणजे २५ टक्के सूट, पण चारही वापरून संपवली तरच. त्यातलं एक जरी कपाटात पडून एक्सपायर झालं तर तुम्ही पूर्ण भावानं तीन घेतली, एवढाच त्याचा अर्थ. आता जुळे सोलापूर म्हणा, विजापूर रोड म्हणा, ट्रॉली घेऊन फिरायची दुकानं सगळीकडं झालीत आणि महिन्याचा किराणा भरायला गेलेली माणसं यादीत नसलेलं सामान घेऊन बाहेर येतात, मग वीस तारखेनंतर भाजीला सुद्धा हात आखडता घ्यावा लागतो. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण पगार घाम गाळून मिळवलेला असतो.

जास्त घेणं वाईट असं माझं म्हणणं अजिबात नाही हं. आपल्याकडं वर्षाची ज्वारी भरतातच की. उन्हाळ्याच्या तोंडाला नवी मालदांडी बाजारात आली की पोती घ्यायची, ऊन द्यायचं, कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची. पण ती किती घ्यायची ते आई घरात बसून ठरवते, खाणारी तोंडं किती, दिवसाला भाकऱ्या किती, कडक भाकरीसाठी वेगळी किती, सुट्टीत कोण कोण येणार. दुकानदार ठरवत नाही. आणि ज्वारी टिकते. बेसन, शेंगदाणे, कूट ह्यांचं तसं नाही, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर जातो, त्या उकाड्यात कूट खवट व्हायला आणि पिठात किडे व्हायला वेळ लागत नाही. म्हणून शेंगा चटणी सुद्धा मी पाव किलोच घेते, मोठ्या पाकिटावर कितीही सूट असली तरी.

दुसरं म्हणजे मोठा पॅक स्वस्तच असतो हे डोक्यातून काढून टाका. शाम्पूचंच बघा, कितीतरी ब्रँडची एक-दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा मिलीच्या हिशोबानं स्वस्त पडते, विश्वास नसेल तर दोन्हीवरचे आकडे भागून बघा. आता तर भागायची पण गरज नाही, लीगल मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे वजनमापाच्या कायद्यातल्या, पाकीटबंद वस्तूंच्या नियमात २०२१ ला बदल झाला आणि पाकिटावर एमआरपीबरोबर युनिट सेल प्राईस छापायची सक्ती आली. एक किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमला किती, त्याच्या वरचं असेल तर किलोला किती, पातळ पदार्थाला तसंच मिली आणि लिटर. अक्षर बारीक असतं पण असतं, मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचायचं. तेलाच्या पाकिटाला तर हे बघाच बघा, कारण सगळी पाकिटं एक लिटरची नसतात, एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम आणि शेजारी जे वीस रुपयांनी स्वस्त पाकीट दिसतंय ते कधीकधी ८०० नाहीतर ८५० ग्रॅमचं निघतं.

मग येतो काऊंटर. यादीप्रमाणं सगळं घेऊन आलो, पाकीट हातात आहे, मागं रांग आहे आणि तेवढ्यात, "ताई, अजून दोनशेचं घेतलं तर हे अर्ध्या किमतीत." हा प्रश्न मुद्दाम त्या वेळेलाच विचारतात, कारण तिथं विचार करायला जागाच नसते. माझं उत्तर ठरलेलं असतं, "नको, एवढंच करा." कारण सांगायचं नाही, कारण सांगितलं की त्यावर त्यांचं पुढचं वाक्य तयार असतं. पण त्या पोरीवर चिडायचं पण नाही, तिला वरून टार्गेट असतं, दिवसभर उभी असते ती. पेट्रोल पंपावर पण हेच, "प्रीमियम टाकू?" गाडीच्या पुस्तकात साधं चालतं असं लिहिलंय ना, मग साधंच. हॉटेलात "बाटली की साधं पाणी?" साधंच आणा दादा.

ऑनलाईनचं जरा अवघड आहे, कारण तिथं कोणी विचारत पण नाही. तीस रुपये डिलिव्हरी वाचवायला सत्तर रुपयांचं फरसाण कार्टमध्ये टाकणारे माझ्याच घरात आहेत, मी त्यांना म्हणते डिलिव्हरीचे तीस भर, नाहीतर थांब, उद्या अजून काहीतरी लागेलच, तेव्हा एकदम मागवू. पैसे भरायच्या आधी कार्ट वरपासून खालपर्यंत वाचायचं, एक रुपया डोनेशन, इन्शुरन्स, गिफ्ट पॅकिंग असल्या टिक आधीच लावलेल्या असतात, त्या काढायच्या. आपल्याला न विचारता कार्टमध्ये काही घालणं ह्याला बास्केट स्नीकिंग म्हणतात आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ज्या १३ डार्क पॅटर्नवर, म्हणजे ऑनलाईन ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांवर, बंदी घातली त्यात हे आहे. "फक्त पाच मिनिटं बाकी" असली खोटी घाई पण त्यातच आहे.

आणि कुणी सरळ अडवूनच धरलं, म्हणजे फोनबरोबर इन्शुरन्स घ्यावाच लागेल नाहीतर फोन देत नाही असं म्हणलं, तर गप्प बसू नका. एका वस्तूसाठी दुसरी घ्यायची अट घालणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात रिस्ट्रिक्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिस म्हणून लिहिलेलंच आहे. बिल बनायच्या आधी शांतपणे म्हणायचं, फक्त फोनचं बिल करा. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत बोललं तरी चालतं.