जिऊ-जित्सू: आधी खालून सुटायला शिका

ब्राझिलियन जिऊ-जित्सू हा जमिनीवरच्या झटापटीचा खेळ. त्यातल्या नवशिक्याचा सगळा जीव गळा आवळण्यात आणि हात मुरगळण्यात अडकलेला असतो. प्रत्यक्षात सुरुवातीचे काही महिने तो बहुतेक वेळ कुणाच्या तरी खालीच असतो. तेव्हा पहिला धडा सुटण्याचाच हवा.

कुस्ती खेळलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, म्हणून पैलवान झटकन पालथा होतो. जिऊ-जित्सूत पाठीवर पडून दोघांच्या मध्ये आपले पाय राखले की झाला ‘गार्ड’. तिथूनही डाव टाकता येतात. उलट पालथे झालात की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही टाचा मांड्यांच्या आतून अडकवतो, ४ गुण घेतो आणि गळ्याला हात घालतो.

समजा, तो छातीवर स्वार झालाय, म्हणजे ‘माउंट’. त्याला सरळ हातांनी वर ढकलू नका. ताठ झालेला हात म्हणजे आर्मबारला (कोपर उलटं वाकवण्याच्या डावाला) आमंत्रणच. कोपरं बरगड्यांना चिकटवा. त्याने उजवा हात तुमच्या छातीवर टेकला, तर तो दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि डाव्या पायाने त्याचं उजवं पाऊल बाहेरून अडवा. टाचा ढुंगणाजवळ ओढा, कंबर उचला आणि डाव्या खांद्यावरून तिरके उलटा. बहुतेक जण नुसतेच सरळ वर उचलतात, त्याने तो फक्त हिंदकळतो. पाऊल अडवलं नसेल तर तो पाय बाहेर टेकून सावरतो. असं झालं तर कुशीवर वळा, कंबर मागे सरकवा आणि तयार झालेल्या फटीतून गुडघा आत घाला. हे कंबर सरकवणं (‘श्रिंप’) रोज मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करावं. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

टॅप, म्हणजे हार मानल्याची थाप, वेळेवर द्या. हात अडकले असतील तर पायाने, नाहीतर तोंडाने सांगून. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर काही सेकंदांत शुद्ध जाते. हील हूकमध्ये (टाच धरून पाय पिळण्याच्या डावात) तर दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचे अस्थिबंध फाटलेले असू शकतात, म्हणून तिथे दुखण्याची वाट बघूच नये.

नखं कापलेली हवीत, गी (सरावाचा पोशाख) दर वर्गानंतर धुतलेला हवा. अंगावर गजकर्ण दिसलं तर बरं होईपर्यंत घरी बसा. लाजून ते गीखाली झाकणारे सगळ्या वर्गाला प्रसाद वाटतात.